अनुभव धागा: थव्याने राहणारे, सतत पळणारे मासे

गोल्डफिश आणि फायटरवर भरपूर बोलून झालं आहे. हा धागा डॅनिओ, बार्ब, टेट्रा, रासबोरा अशा एका जागी न ठरणाऱ्या मंडळींसाठी. टँक केवढा, किती मासे, कोणाचं कोणाशी पटतं, जे असेल ते लिहा. सुरुवात मीच करते.

माझ्याकडे झेब्रा डॅनिओ आहेत. इनमीन चार-पाच सेंटिमीटरचा जीव, पण दिवसभर येरझारा. म्हणून टँक घेताना मी लिटर नाही, लांबी बघते. उंच टँक दिसायला देखणा, पण त्यात यांना धाव घ्यायला जागाच नसते. तेवढंच पाणी बसक्या, लांब टँकमध्ये घाला आणि फरक बघा. १८ ते २५ अंशांत ते मजेत असतात, त्यामुळे घर फार गार नसेल तर हीटरवाचून चालतं. झाकणावाचून मात्र नाही, उडी मारून बाहेर पडतात! फिल्टरच्या नळीसाठी सोडलेली फटसुद्धा मी जाळीने बुजवली आहे.

*

टायगर बार्बला सगळे गुंड म्हणतात, मला ते पटत नाही. तीन-चारच ठेवले तर ते दुसऱ्यांच्या मागे लागणारच. दहा-बारा असले की मानपान, पाठलाग, रुसवेफुगवे सगळं आपापसात चालतं. तरीही एंजल, फायटर किंवा लांब शेपटीचा गप्पी त्यांच्यात सोडू नका. डुलणारा पर दिसला की यांना राहवत नाही.

*

वरचं अगदी मान्य. थव्याला 'सहा मासे पुरे' असं म्हणतात, ते मी किमान समजतो, पुरेसं नाही.

माझे रमीनोज टेट्रा. त्यांचं लाल नाक हाच माझा पहिला टेस्ट किट. ते फिकं पडलं की मी अमोनिया आणि नायट्राइट ही पाण्यातली विषं मोजतो, दोन्ही शून्यच हवेत. (सकाळी दिवा लावल्या लावल्या नाकं बघून घाबरू नका, रात्रीतून सगळेच फिके पडतात.) अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर राहतात. नव्या टँकमध्ये ते जम बसवायला बहुधा महिना-दीड महिना घेतात, तोवर असे नाजूक मासे नकोत. स्पंज नळाखाली धुऊ नये, क्लोरीनने जिवाणू मरतात. पाणी बदलताना टँकमधून जे काढतो, त्यातच मी तो पिळून घेतो.

अजून एक. थवा घट्ट झाला म्हणजे मासे खूश, असं नसतं. बऱ्याच जाती घाबरल्या की एकमेकांना चिकटतात आणि रुळल्या की सैल होऊन फिरतात. रमीनोज मात्र रुळल्यावरही घट्टच पोहतो, त्याला हा नियम लावू नका.

*

माझे डॅनिओ आणि बार्ब कधीही बघा, उपाशीच! कितीदा घालायचं?

*

ताई, त्यांना जठरच नसतं. डॅनिओ, बार्ब, रासबोरा हे कार्पच्या गणातले, त्यांचं अन्न थेट आतड्यात जातं. एकदम भरपूर घालण्यापेक्षा दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढं चिमूटभर बरं. आणि त्यांच्या याचनेवर जाऊ नका, ते कायम तसेच बघतात.

*

मिस केरळ, म्हणजे डेनिसन बार्ब, कोणी घेणार असेल तर थांबा. दुकानात तो बोटाएवढा असतो, पण पुढे दहा सेंटिमीटरच्या वर जातो आणि बाणासारखा सुटतो. चार फुटांहून आखूड टँकमध्ये त्याचा कोंडमारा होतो. पश्चिम घाटातल्या वाहत्या नद्यांतला मासा, त्यामुळे प्रवाह हवा, प्राणवायू भरपूर हवा आणि पाणी फार गरम नको. २०१३मध्ये त्याच्यासाठी 'सह्याद्रिया' ही नवी प्रजाती (जीनस) केली गेली. हौशी लोकांसाठी नद्यांतून झालेली पकड हे त्याची संख्या घटण्याचं एक मोठं कारण. आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो धोक्यातला आहे, म्हणून मी तरी टँकमध्ये पैदास झालेलेच विचारून घेतो.

*

डॅनिओची अंडी कोणी वाचवली आहेत का? उजाडता उजाडता घालतात आणि लगेच स्वतःच गट्ट करतात.

*

तळाशी काचेच्या गोट्या पसरा, अंडी फटींत पडतात. मग मोठे मासे बाहेर काढा. दोन-तीन दिवसांत पिल्लं निघतात. ती पोहायला लागेपर्यंत काही घालू नका, पोटाखालच्या पिशवीवर त्यांचं भागतं.