मदत हवी आहे: आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि बीटाडीनची ॲलर्जी

पुढच्या आठवड्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. त्याआधी डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन (बीटाडीनमधलं जंतुनाशक) घालून तीनेक मिनिटं थांबतात आणि पापण्यांभोवतीची कातडी १० टक्क्यांच्या द्रावणाने पुसतात. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला तर दृष्टीच जाऊ शकते, त्यामुळे ही पायरी टाळायची नाही हे पटतं.

अडचण अशी की गुडघ्याच्या जखमेवर बीटाडीनची पट्टी होती तेव्हा आईला खाली लालसर पुरळ उठलं होतं. मावशी म्हणते, तिला कोळंबीही चालत नाही, म्हणजे आयोडीनच बाधतं. हे काही खरं नाही. कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनांमुळे येते. पण पट्टीखालचं पुरळ ही खरी ॲलर्जी होती, की ओलं औषध तासन्‌तास कातडीला लागून राहिल्याने झालेली आग?

खरी ॲलर्जी असेल तर ०.०५ टक्के क्लोरहेक्सिडिन या दुसऱ्या जंतुनाशकाचं पाण्यातलं द्रावण वापरतात असं वाचलं. (स्पिरिटवालं डोळ्यात चालत नाही, बुबुळाला इजा होते.) डॉक्टरांना सगळं सांगणारच आहे. पण आधी त्वचेची चाचणी करून घ्यावी का? कुणाच्या घरी क्लोरहेक्सिडिन वापरलंय का? नेत्रविभागात काम करणाऱ्या ताई-दादांनी जरूर सांगा.