सल्ला हवा: २००२ सिल्व्हराडोचा ४एल६०ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स स्लिप होतोय, उघडू की बदलू?

हातपाना
शेव्ही सिल्व्हराडो १५००, ५.३ लिटर, फोर बाय फोर, १,८७,००० मैल. मुक्काम ह्यूस्टन.
थंड असताना कुरकुर नाही. वीसेक मिनिटांनी तेल तापलं की दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना इंजिन हजारभर आरपीएमने उसळतं, मग गिअर पकडतो. या आठवड्यात दोनदा पकडलाच नाही. पहिला, दुसरा, रिव्हर्स खणखणीत. उलट पहिल्यावरून दुसऱ्यात जाताना कंबरेत लाथ बसल्यासारखा धक्का. कॉम्प्युटर बिघाडाचा पी १८७० कोड दाखवतोय. डिपस्टिकवर पातळी बरोबर आहे, पण तेल उकळलेल्या चहाच्या रंगाचं आणि जळका वास.
बजेट १५०० डॉलर, वर एक नाही. ट्रान्समिशन जॅक भाड्याने मिळतोय. मंडळाच्या गणपतीचं सामान याच ट्रकमधून जातं, म्हणजे सात आठवडे आहेत.
दुकानात रिबिल्डचे २६०० सांगितले. स्वतः उघडू, की जंकयार्डमधून आणू?

उपनगरी_शेतकरी
रिमॅन्युफॅक्चर्ड (कारखान्यात नव्यासारखा केलेला) बॉक्स घ्या, मोकळे व्हा. मी २९०० मोजले, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून बॉक्सला देतो तो) आणि तीन वर्षांची वॉरंटी त्यात आली. पैसे वाचवायला जाल आणि दोनदा खर्च कराल.

हातपाना
बजेट १५००.

उपनगरी_शेतकरी
माहीत आहे. तरी सांगतो, रिमॅनच घ्या.

जुनंतेसोनं
आधी टीव्ही केबल (थ्रॉटलपासून बॉक्सपर्यंत जाणारी) बघा. ढिली असली की दाब कमी पडतो आणि क्लच घसरतो. पाच मिनिटांचं काम.

तेलवाला
तेल आणि फिल्टर बदलून बघा. पॅन काढला की ५ क्वार्ट निघतं, तेवढंच डेक्स्रॉन ६ गिअरबॉक्स तेल घाला (जुन्या डेक्स्रॉन ३ च्या जागी चालतं). मशीनने फ्लश मात्र नको. इतक्या मैलांवर फ्लश केला की बॉक्स मरतो.

व्हॉल्व्हबॉडी_ताई
@जुनंतेसोनं, टीव्ही केबल याच्या आधीच्या ७००आर४ बॉक्सला. ४एल६०ई १९९३ पासून इलेक्ट्रॉनिक आहे, दाब सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) ठरवतो. हातपाना, केबल शोधत खाली लोळू नका, ती नाहीच.
@तेलवाला, फ्लशने बॉक्स मरत नाही. आधीच मरत आलेल्या बॉक्सला लोक फ्लश करतात, मग बिल फ्लशवर फाडतात.
आता लक्षणं. दुसऱ्या गिअरला बँड (ड्रमभोवती आवळणारा पट्टा) धरतो. तिसऱ्याला बँड सुटून ३-४ क्लचपॅक (तिसऱ्या-चौथ्याच्या क्लच प्लेटांचा गठ्ठा) धरायला हवा, चौथ्यात दोन्ही. दुसरा आणि रिव्हर्स शाबूत आहेत, म्हणजे सनशेल (आतलं सन गिअर फिरवणारं पत्र्याचं कवच) तुटलेला नाही. तो गेला की दुसरा, चौथा आणि रिव्हर्स तिन्ही एकदम जातात. उरला ३-४ पॅक. या बॉक्समध्ये बहुतेक वेळा आधी तोच जळतो.
पी १८७० ही वेगळी भानगड. कन्व्हर्टरच्या लॉकअपचा (इंजिन आणि बॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचचा) दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह अॅल्युमिनियमच्या भोकात सतत पुढेमागे होतो, भोक घासून मोठं होतं, दाब गळतो, लॉकअप घसरतो. कोड पडला की कॉम्प्युटर लाइन प्रेशर (तेलाचा मुख्य दाब) कमालीवर नेतो, तुमची लाथ तिथून येते. म्हणजे नुसता क्लचपॅक बदलून कोड जाईलच असं नाही, व्हॉल्व्ह बॉडीही हवी.
खात्री करायची तर इंजिन बंद करून बॉक्सच्या उजव्या अंगाचा मोठा गोल कनेक्टर काढा. लिव्हर डी मध्ये टाकला की दोन्ही शिफ्ट सोलेनॉइड बंद, गाडी थेट तिसऱ्यात निघू पाहते, दाब पूर्ण. मोकळ्या जागेत, हलक्या पायाने, एकदाच. तरीही गाडी जड न वाटता पहिल्या गिअरसारखी सहज निघाली तर ३-४ पॅक संपला.

पाटलांचा_डॉज
या बॉक्सवर एक डॉलर घालू नका. ४एल८०ई हा दणकट बॉक्स टाका, आयुष्यभर बघावं लागणार नाही.

स्नॅपरिंग
१५०० मध्ये? फोर बाय फोरला? ४एल८०ई चा मागचा शाफ्ट ३२ दात्यांचा, यांच्या ट्रान्स्फर केसला (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) २७ लागतात. क्रॉसमेंबर सरकवा, प्रोपेलर शाफ्ट कापा, वायरिंग बदला, कॉम्प्युटर ट्यून करा. सगळं करून सहा महिने गाडी अंगणात.

पाटलांचा_डॉज
एकदाच करायचं असतं ते.

स्नॅपरिंग
हातपाना, स्वतः उघडणार असाल तर ३-४ पॅक का जळला ते कळल्याशिवाय नव्या प्लेटा टाकू नका, नाहीतर वर्षभरात पुन्हा हीच गत. मी या क्रमाने बघतो: इनपुट ड्रममधल्या पिस्टनचे रबरी ओठ कडक झालेत का, ड्रममधला चेकबॉल गळतो का, इनपुट शाफ्टच्या चार टेफ्लॉन रिंगा, आणि पंपातला दाब वाढवणारा बूस्ट व्हॉल्व्ह.
ड्रम जुळल्यावर शाफ्टच्या भोकातून ४० पीएसआय हवा सोडा. पिस्टन ठप्प आवाज करून बसला पाहिजे आणि हवा बंद केली की सुटला पाहिजे. फुसफुस येत राहिली तर सील मुडपलंय, पुन्हा उघडा. फ्रिक्शन प्लेटा बसवण्याआधी अर्धा तास तेलात भिजवा. पॅकची फट ०.०३० इंचाच्या आसपास ठेवा. जास्त राहिली तर पिस्टनला जास्त जावं लागतं आणि २-३ ला तीच उसळी परत येते.
किट, बँड, कडक केलेला सनशेल, रिबिल्ड केलेली व्हॉल्व्ह बॉडी, नवा कन्व्हर्टर मिळून ८०० ते ९०० होतात. कन्व्हर्टरवर कंजुषी नको, आतला जळका चोथा धुऊन निघत नाही. दुसऱ्या गिअरच्या सर्वोला (बँड आवळणारा सिलिंडर) कॉर्व्हेटचा मोठा पिस्टन बसतो, स्वस्त आहे, बँड घट्ट धरतो. स्प्रिंग कॉम्प्रेसर आणि टेफ्लॉन रिंगा बसवायचं टूल मात्र लागणारच. स्क्रूड्रायव्हरने रिंगा चढवणारे लोक मला माहीत आहेत, त्यांचे बॉक्सही माहीत आहेत.

जुनंतेसोनं
दुकानवाला म्हणाला होता सगळ्यांना केबल असते.

उपनगरी_शेतकरी
स्प्रिंग कॉम्प्रेसर, हवा, इंचाचा हजारावा भाग... म्हणूनच रिमॅन म्हटलं.

हातपाना
कनेक्टर काढून बघितलं. गाडी पहिल्या गिअरसारखी सहज निघाली, तिसऱ्याचा जडपणा नाहीच. नंतर पॅन काढला. शिफ्ट केबलचा ब्रॅकेट सैल केल्याशिवाय एक बोल्ट दिसतच नव्हता. लोहचुंबकावर करड्या रंगाची लापशी, तळाशी काळी भुकटी. बोटांत चोळली तर कोळशासारखी. पितळेचा कण नाही.

व्हॉल्व्हबॉडी_ताई
करडी लापशी या वयात असतेच. काळी भुकटी म्हणजे क्लचचं अस्तर. पितळ नाही म्हणजे बुशिंग बरी असावीत, चांगली बातमी.
काहीही बसवा, कूलर धुतल्याशिवाय नको. रेडिएटरच्या टाकीत तेलाचा कूलर असतो, ती सगळी भुकटी तिथे बसलीय. उलट दिशेने फ्लश करा. नंतर रिटर्न नळी बादलीत सोडून, बॉक्समध्ये तेल भरून इंजिन चालवा, वीस सेकंदांत साधारण एक क्वार्ट यायला हवं. कमी आलं तर कूलर बदला. ह्यूस्टनच्या उन्हात आणि ट्रेलर ओढायचा असेल तर बाहेर वेगळा कूलरही लावाच.

तेलवाला
म्हणजे शेवटी फ्लशच करा म्हणताय.

व्हॉल्व्हबॉडी_ताई
कूलरचा.

हातपाना
सगळ्यांचे आभार. ठरलं: जंकयार्ड. २००३ टाहो, ५.३, फोर बाय फोर, १,१२,००० मैल, मागून ठोकलेली. बॉक्स कन्व्हर्टरसकट ४७५, नव्वद दिवसांची वॉरंटी. माझा बॉक्स टेबलावर चढवेन आणि हिवाळ्यात स्नॅपरिंगची यादी घेऊन सावकाश बसेन. गणपतीआधी पहिल्यांदाच ड्रम उघडायची माझी छाती नाही.

उपनगरी_शेतकरी
दुसऱ्याचं दुखणं विकत घेताय.

पाटलांचा_डॉज
४७५ गेले.

स्नॅपरिंग
माझं मत वेगळं होतं, पण घेताय तर तिथेच त्याचा पॅन उघडून बघा. काळं दिसलं तर पैसे देऊ नका. पुढचं पंपाचं सील, मागचं सील आणि फिल्टर आताच बदला, चाळीसेक डॉलरचं काम. बॉक्स चढवल्यावर पंपाच्या सीलसाठी पुन्हा सगळं उतरवावं लागतं. २००७ नंतरचा कुणी गळ्यात मारत असेल तर नाही म्हणा, त्यात इनपुट स्पीड सेन्सर आहे, तुमच्या वायरिंगला जुळत नाही.
उतरवताना ट्रान्स्फर केस आधी, वेगळी. बेलहाउसिंगचे (बॉक्सचं इंजिनला जोडणारं पुढचं तोंड) वरचे बोल्ट १५ मिलिमीटरचे. बॉक्सची शेपटी खाली सोडा आणि तीन फुटांचं एक्स्टेन्शन मागून घाला. वरून हात घालायला जाल तर कातडी सोलेल.
कन्व्हर्टर फिरवत फिरवत आत ढकला, तीन ठेके लागले पाहिजेत. दोनवर बेलहाउसिंग आवळलंत तर पंप तिथेच फुटतो. आवळल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरतो का आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत (इंजिनच्या मागची चकती) १/८ ते ३/१६ इंच फट आहे का बघा. मगच तीन बोल्ट.

व्हॉल्व्हबॉडी_ताई
आणि स्कॅन टूलने जुने अॅडॅप्टिव्ह आकडे पुसा. कॉम्प्युटर घसरत्या क्लचसाठी दाब वाढवायला शिकलाय, चांगल्या बॉक्सलाही तीच लाथ मारेल. टाहोच्या व्हॉल्व्ह बॉडीतही तोच व्हॉल्व्ह आहे. पी १८७० पुन्हा दिसला तर नवल वाटून घेऊ नका.

हातपाना
शनिवारी पॅन उघडायला जातोय. टॉर्च आणि पांढरं फडकं घेतलंय.

जुनंतेसोनं
टाहोला केबल असेल तर बघून सांगा.