पुण्यात बीएस्सीला वेटिंग १४ : प्रवेश कार्यालयाशी संपर्क कसा ठेवायचा?

खानापूर_लोंढा
बहिणीची पीयूसी (कर्नाटकातली बारावी, सायन्स) खानापुरात झाली. पुण्याच्या एका अनुदानित कॉलेजात खुल्या गटातून वेटिंग १४ आहे. फोन लागला तरी "वेबसाइट बघा" एवढंच. इथं बेळगावात एक सीट धरून ठेवलीय. रोज फोन करत राहायचं, की जाऊनच बसायचं?

भाग्यनगर_तिसरा_क्रॉस
दोन्ही नको. यादी रोज सरकत नाही. बीएस्सीच्या बऱ्याच जागा सुटतात त्या इंजिनिअरिंग-फार्मसीच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांनंतर. तिकडं नंबर लागला की पोरं इकडची सीट सोडतात. या फेऱ्या घेणाऱ्या महाराष्ट्राच्या सीईटी सेलचं वेळापत्रक काढून ठेवा आणि प्रत्येक फेरीची प्रवेश निश्चितीची मुदत संपली की दुसऱ्या दिवशी एक फोन. सकाळी खिडकीवर रांग असते, दुपारी चारच्या सुमारास करा. विचारायचं ते "खुल्या गटात कितव्या नंबरपर्यंत आलंय?" एवढंच. "आमचं होईल का?" याला क्लार्ककडं उत्तर नसतं, आणि दर वेळी घरातला वेगळा माणूस विचारू लागला की तो वैतागतो.

ईमेल मात्र आजच एक पाठवा, तिच्या नावानं. विषयात अर्ज क्रमांक, अभ्यासक्रम, गट, वेटिंग नंबर. मजकूर असा:

"जागा उपलब्ध झाल्यास मी प्रवेश घेणार आहे. कळवल्यापासून २४ तासांत मूळ कागदपत्रांसह हजर राहीन. पर्यायी मोबाइल नंबर खाली दिला आहे."

बस्स. मार्क्सकार्ड परत जोडू नका, शिफारसपत्राच्या मागं तर लागूच नका. गुणवत्ता यादी मार्कांवर चालते.

निपाणी_स्टँड
त्याआधी अर्जात मोबाइल आणि ईमेल कुणाचा पडलाय ते बघा. सायबर कॅफेत फॉर्म भरला असला तर कधीकधी ईमेल कॅफेवाल्याचा असतो. मेसेज त्याच्याकडं जातो, मुदत उलटते, नंबर पुढच्याला. बदलायचा असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

सीमाभागाच्या (महाराष्ट्र दावा सांगतो त्या कर्नाटकातल्या गावांच्या) दाखल्याचं कुणीतरी सुचवेलच. प्रवेश पुस्तिकेत सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी वेगळी तरतूद असली तरच त्याचा उपयोग, आणि ती फॉर्म भरतानाच निवडावी लागते.

खानापूर_लोंढा
टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) बेळगावच्या कॉलेजात जमा आहे. आयत्या वेळी देतील का? फीचं काय?

भाग्यनगर_तिसरा_क्रॉस
यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेनुसार मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. फीचे टप्पे त्या अधिसूचनेत असे होते: प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर १०० टक्के फी परत (त्यातून जास्तीत जास्त ५ टक्के, कमाल ५,००० रुपये कापता येतात). तारीख १५ दिवसांच्या आत आली असेल तर ९० टक्के, तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८०, ३० दिवसांपर्यंत ५०, पुढं शून्य. नंतरच्या काही वर्षांत यूजीसीनं त्या त्या वर्षापुरतं वेगळं धोरण काढलं, म्हणून यंदाचं काय ते बघून घ्या. कागदावर हे ठीक; खिडकीवर मात्र "प्राचार्य रजेवर आहेत" हे ऐकायची तयारी ठेवा. रद्द करण्याचा अर्ज आताच लिहून ठेवा, फक्त तारीख मोकळी सोडा. पुण्याचा नंबर लागल्याचा मेसेज हातात आल्याशिवाय तो द्यायचा नाही. देताना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, फीची पावती जोडा.

निपाणी_स्टँड
मायग्रेशन सर्टिफिकेटही (जुन्या बोर्डाचा स्थलांतर दाखला) लागणार, बोर्ड बदलतंय. अर्ज आत्ताच टाका. नंबर लागेपर्यंत ते हातात आलं नाही तर अर्जाची पावती आणि हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश देता का, हे त्याच ईमेलमध्ये विचारा. तोंडी "चालतंय" म्हणाले तर खिडकीवरचा माणूस बदलला की परत पहिल्यापासून सांगावं लागतं.