वालधुनी नदीचा काठच्या गावांना पूर्वी काय उपयोग होता?

प्रश्न (अंबरनाथ पूर्व)
आमच्या सोसायटीतील मुले वालधुनीला सरसकट ‘नाला’ म्हणतात. पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावणाऱ्या मुलांना ही नदी आहे असे सांगितले, तर ते त्यांना खरे वाटत नाही. शिवमंदिराचा काठ सोडल्यास मलाही फारसे ठाऊक नाही. काठच्या गावांचे या नदीवाचून काय अडत होते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
ताई, माझे आजोळ काकोळ्याच्या बाजूचे, म्हणजे वालधुनी जिथे उगम पावते तिकडचे. आपल्याकडील भात पावसावरच पिकते, त्यामुळे नदीचा खरा आधार कापणीनंतर लागत असे. काठच्या खाचरांत ओल टिकून राही आणि त्या ओलीवर वाल पेरला जाई. पहिल्या पावसात वलगणीचे मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागले की सगळे गाव काठावर जमे. उन्हाळ्यात धार आटली म्हणजे आजी पात्रातल्या रेतीत हातभर खोल झिरा खणायची, गढूळ पाणी दोनदा उपसून टाकायची आणि मग निवळ पाणी करवंटीने हंड्यात भरायची. एक हंडा भरायला बराच वेळ लागे, म्हणून बायका पहाटेच नंबर लावत. ते पाणी मी स्वतः प्यायलो आहे.

उत्तर २
मंदिराविषयी थोडी भर घालतो. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष आणि शिलाहार राजा मांबाणीचे नाव आहे. गाभारा सभामंडपापेक्षा बराच खाली असून तेथे पायऱ्या उतरून जावे लागते. एवढ्या मोठ्या दगडी बांधकामावर राबणाऱ्या माणसांना आणि बैलांना रोज किती पाणी लागले असेल, याचा विचार केला म्हणजे मंदिरासाठी हाच काठ का निवडला असावा, हे माझ्या मते उलगडते. महाशिवरात्रीची जत्रा आजही याच काठावर भरते.

उत्तर ३
रेल्वेचा उल्लेख राहून गेला. १८५४ मध्ये गाडी कल्याणपर्यंत पोहोचली आणि पुढे कसारा व कर्जत या दोन्ही घाटांकडे जाणाऱ्या मार्गांचा फाटा तेथेच फुटला. वाफेच्या इंजिनांना सतत पाणी लागे, त्यासाठी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) या तेव्हाच्या रेल्वे कंपनीने काकोळ्याला धरण बांधले. जुने लोक त्याला अजूनही ‘जीआयपी टँक’ म्हणतात. कल्याणच्या रेल्वे वसाहतीच्या भागाला तर नदीचेच नाव मिळाले. कारखान्यांचे सांडपाणी आणि घरगुती मैला पात्रात शिरला तो फार नंतर, अंबरनाथ-उल्हासनगर वाढत गेले तेव्हा.

उत्तर १ (पुन्हा)
ताई, मुलांना पुलावर नेऊ नका. श्रावणात काकोळ्याच्या डोंगराखाली घेऊन या. तिथे पाण्याखालचा खडा न् खडा दिसतो आणि दगड उचलला तर चिंबोरीही सापडते. आधी तिथे त्यांचे पाय पाण्यात बुडू द्या, मग धारेच्या कडेकडेने मंदिरापर्यंत चालत आणा. वाट मी दाखवीन.