मिक्सरमधून लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं की गाणाऱ्याचा आवाज गायब, रिव्हर्ब (घुमारा) तेवढा येतो

सूरपेटी

घरी भजनं आणि नाट्यगीतं रेकॉर्ड करायची आहेत. ८ चॅनेलचा साधा ॲनालॉग मिक्सर आहे, त्याला यूएसबी नाही. सोबत दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) आणि विंडोज लॅपटॉप. गायन आणि तबला मध्यभागी, पेटी डावीकडे, इलेक्ट्रॉनिक तानपुरा उजवीकडे पॅन केलाय. मिक्सरच्या दोन्ही मेन आउटमधून एक वाय केबल इंटरफेसच्या पहिल्या इनपुटला लावली आहे. तिच्या मिक्सरकडच्या टोकाला दोन मोनो पिना आहेत, इंटरफेसकडच्या टोकाला एक स्टिरिओ पी-३८ (६.३५ मिमीची जाड जॅक पिन).

मिक्सरच्या हेडफोनमध्ये सगळं नीट ऐकू येतं. रेकॉर्डिंगमध्ये मात्र गायन आणि तबला जवळजवळ नाहीत, पेटी-तानपुरा व्यवस्थित आहेत, आणि गायनाचा रिव्हर्ब लांबून आल्यासारखा येतो. शिवाय लॅपटॉपला चार्जर लावला की घूंऽ असा आवाज सुरू होतो. मिक्सर बिघडलाय का?

गेनस्टेज

मिक्सर ठणठणीत आहे, घोळ त्या वाय केबलचा आहे.

इंटरफेसचा लाइन इनपुट बॅलन्स्ड असतो. पिनेच्या टोकावरचा सिग्नल आणि मधल्या रिंगवरचा सिग्नल यांची तो वजाबाकी करतो. केबलमध्ये घुसलेली खरखर दोन्ही तारांवर सारखी असते, म्हणून ती वजा होऊन जाते. तुमच्या केबलने टोकावर डावी बाजू आणि रिंगवर उजवी बाजू नेली. मध्यभागी पॅन केलेला आवाज दोन्हीकडे तंतोतंत सारखा, म्हणजे इंटरफेसच्या लेखी तीही खरखरच. डाव्या-उजव्या बाजूला वेगळं असेल तेवढंच उरतं: पेटी, तानपुरा आणि स्टिरिओ रिव्हर्ब.

खात्री करायची तर गायनाचा पॅन नॉब पूर्ण डावीकडे फिरवा. त्याच केबलवर आवाज खणखणीत परत येईल.

आता दोन स्वतंत्र केबल घ्या, दोन्ही टोकांना स्टिरिओ पी-३८ असलेल्या, २ मीटरच्या. मेन आउट डावा इनपुट १ ला, उजवा इनपुट २ ला. मिक्सरचे मेन आउट कॅनन (तीन पिनांचे एक्सएलआर) असतील तर एका टोकाला फीमेल कॅनन आणि दुसऱ्या टोकाला स्टिरिओ पी-३८ अशी केबल बनवून घ्या. कॅनन ते कॅनन लावू नका. बहुतेक इंटरफेसच्या कॉम्बो जॅकमध्ये (दोन्ही प्रकारच्या पिना बसतात तो जॅक) कॅनन माइक प्रीॲम्पला, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागाला जातो आणि पी-३८ लाइनला. माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा, तर +४ डीबीयू लाइन लेव्हल म्हणजे १.२३ व्होल्ट, त्यामुळे माइक प्रीॲम्पमध्ये आवाज लगेच फाटतो. इंटरफेसवर 'इन्स्ट' (गिटारसारख्या वाद्यासाठीचं) बटण असेल तर ते बंद ठेवा. कंडेन्सर माइकला लागणारं ४८ व्होल्ट फँटमही बंद. ते मिक्सरच्या आउटपुटवर उलटं गेलं तर आउटपुट खराब होऊ शकतो.

सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक स्टिरिओ निवडा, इनपुट १-२. आधीच्या फायलींमधून गायन काढता येणार नाही, ते फायलीत पोहोचलेलंच नाही.

अर्थिंग

घूं आवाजाबद्दल. चार्जर काढल्यावर तो थांबतो, म्हणजे ग्राउंड लूप आहे. मिक्सर आणि लॅपटॉप वेगवेगळ्या वाटांनी अर्थला जोडलेत, आणि यूएसबी व ऑडिओ केबलच्या शिल्डमुळे (तारांभोवतीच्या धातूच्या जाळीमुळे) त्यांचं एक वर्तुळ तयार झालंय. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ५० आणि १०० हर्ट्झची घरघर.

आधी मिक्सर, लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. बोर्डच्या प्लगला अर्थ आहे आणि भिंतीच्या सॉकेटमध्येही अर्थ खरोखर पोहोचलाय हे इलेक्ट्रिशियनकडून तपासा, जुन्या घरांमध्ये ती तार बऱ्याचदा नुसती लोंबत असते. बॅलन्स्ड केबल आल्यावर निम्मा त्रास तसाही जाईल. तरीही उरला तर मिक्सर आणि इंटरफेसच्या मध्ये दोन चॅनेलचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. तोवर बॅटरीवर रेकॉर्ड करा.

तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला मिळेल. अजिबात करू नका. गाणारा धातूची जाळी असलेला माइक ओठांजवळ धरतो. मिक्सरमध्ये फॉल्ट झाला आणि अर्थ नसेल तर झटका थेट त्याला.

सूरपेटी

पॅन डावीकडे नेल्यावर गायन आलं! दोन केबल मागवतो. आणखी दोन शंका. तबला वेगळ्या ट्रॅकवर हवा असेल तर? आणि लॅपटॉपचा आवाज मिक्सरमध्ये परत आणला की गाणाऱ्याला स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येतो, त्या चॅनेलचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) वर नेला तर शिट्टीही वाजते.

गेनस्टेज

मिक्सरवर चॅनेल कितीही असोत, मेन आउटमधून लॅपटॉपकडे दोनच वाटा जातात. यूएसबी असलेल्या बऱ्याच मिक्सरचंही तसंच. यामाहा एमजी१०एक्सयूवर १० चॅनेल दिसतात, यूएसबीवरून मात्र स्टिरिओ जोडीच जाते.

त्या दोन वाटांचा सर्वांत चांगला उपयोग असा: तबला पूर्ण उजवीकडे, गायन, पेटी आणि तानपुरा पूर्ण डावीकडे पॅन करा. सॉफ्टवेअरमध्ये स्टिरिओ ट्रॅकऐवजी दोन मोनो ट्रॅक करा, इनपुट १ आणि इनपुट २. दोन्ही मिक्स करताना मध्यभागी आणा. मिक्सरचा रिव्हर्ब बंद ठेवा, नाहीतर तो दोन्ही ट्रॅकवर कायमचा छापला जाईल. एकाच खोलीत गायलात तर गायनाच्या माइकमध्ये तबला येणारच, ते पॅनने सुटत नाही.

गायन, तबला आणि पेटी तिन्ही वेगळे हवेत तर ४ लाइन इनपुटचा इंटरफेस लागेल. मग मेन आउटच्या दोन वाटा आणि तिसरी वाट प्री-फेडर ऑक्स सेंडची, म्हणजे फेडरच्या आधीच सिग्नल बाहेर काढणाऱ्या वेगळ्या आउटपुटची. ऑक्सवर पेटीचाच नॉब उघडा आणि तिचा फेडर पूर्ण खाली घ्या. ऑक्स पोस्ट-फेडर असेल तर फेडर खाली नेताच तोही मरतो, म्हणून आधी मॅन्युअल बघा.

शून्य_डीबी

दोनदा ऐकू येण्याचं कारण: गाणारा स्वतःला एकदा थेट मिक्सरमधून ऐकतो, एकदा लॅपटॉपमधून फिरून. ४८ किलोहर्ट्झला ५१२ सँपलचा बफर (लॅपटॉप एका वेळी साठवून घेतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे एका दिशेला १०.७ मिलिसेकंद, जाऊन-येऊन २० च्या वर. सॉफ्टवेअरमधलं इनपुट मॉनिटरिंग बंद करा, मिक्सरमधून थेट ऐकण्याला उशीर लागत नाही.

शिट्टी वेगळी. लॅपटॉपचा आवाज तुम्ही मिक्सरच्या चॅनेलवर घेतलाय. तो मेनमध्ये जातो, मेन पुन्हा लॅपटॉपमध्ये, आणि फेरा सुरू. तो चॅनेलऐवजी '२-ट्रॅक इन' किंवा 'टेप इन'ला लावा आणि बटण फोन्स किंवा कंट्रोल रूमकडे ठेवा, मेनकडे नको.

लेव्हलचंही बघून घ्या. प्रत्येक चॅनेलचं पीएफएल (फेडरच्या आधीची पातळी मीटरवर दाखवणारं बटण) दाबून, सर्वांत जोरात गाऊन घेत, मीटर शून्याच्या आसपास येईल इतका गेन द्या. इंटरफेसचा गेन किमान पातळीवरून वाढवत न्या. सॉफ्टवेअरमध्ये शिखरं -१२ ते -१० डीबीला थांबली की पुरे, २४ बिटमध्ये त्याहून वर ढकलून काही मिळत नाही. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा, ती चालू असतील तर तानपुऱ्याला गोंगाट समजून दाबू शकतात.

आवाज फाटला तर वेव्हफॉर्म झूम करा. शिखरं ० डीबीला कापलेली असतील तर इंटरफेसचा गेन कमी करा. -८ किंवा -१० लाच सपाट झालेली दिसली तर बहुधा मिक्सर क्लिप होतोय. तिथे इंटरफेसचा नॉब कितीही खाली घेतलात तरी फरक पडणार नाही, चॅनेलचा गेनच उतरवावा लागेल.