लेक एरीवर मेफ्लाय (पाण्यातून निघणारे पंखवाले किडे) निघाल्यापासून वॉलआय मासा गळाला लागेना, मदत हवी आहे

मंडळी, ओहायोत पोर्ट क्लिंटनच्या बाजूला वॉलआयसाठी जातोय. एप्रिलात रीफवर (तळाच्या खडकाळ उंचवट्यावर) जिगला (वजनदार डोक्याच्या गळाला) मस्त लागत होते, जून लागला आणि सगळं थंड. मेफ्लाय इतक्या की बोटीच्या कडेला थर बसतो, आणि जो एखादा मिळाला त्याचं पोट त्यांच्याच अळ्यांनी गच्च, मग आपलं गांडूळ कोण खाणार! बोट 18 फुटी, वारा असला की लांब जाता येत नाही, ट्रोलिंगचं (चालत्या बोटीमागे गळ ओढायचं) सामान नाही. बॉटम बाउन्सरवर (तळाला टेकत जाणारं तारेचं वजन) वर्म हार्नेस (फिरतं पातं आणि गांडूळ असलेला गळ) लावून 25-30 फुटांत तळालगत ड्रिफ्ट केलं (बोट वाऱ्यावर वाहू दिली), सोनेरी-जांभळं पातं दोन्ही, नुसते शीपहेड (आपल्याला नको असलेला दुसरा मासा) आले. आता तळ सोडून मधल्या पाण्यात कास्ट करू का (किती फुटांवर?), की सरळ पूर्वेला ह्युरॉन गावाकडे बोट उतरवू?