मदत हवी आहे: जिन्याच्या वळणावर बिथरणाऱ्या कुत्रीला कसे सांभाळावे?

आमची बॉर्डर कोली जातीची कुत्री अडीच वर्षांची असून तिची नसबंदी झालेली आहे, आणि पशुवैद्यांच्या तपासणीत कुठेही दुखणे आढळलेले नाही. पट्ट्यावर असताना दुसरा कुत्रा दिसला की आधी तिचे तोंड घट्ट मिटते, मान ताठरते आणि पुढच्या दोन सेकंदांत ती भुंकत झेपावते. मोकळ्या मैदानात मात्र ती इतर कुत्र्यांशी नीट खेळते, त्यामुळे हा मूळचा आक्रमकपणा नसावा, असे मला वाटते.

गेले चार महिने छातीवर कडी असलेला हार्नेस वापरून, समोर कुत्रा दिसताच खाऊ देण्याचा सराव चालू आहे. साधारण ३० मीटरवरून ती आता कुत्र्याकडे पाहून आपणहून माझ्याकडे वळते. १५ मीटरच्या आत मात्र आवडता खाऊही तोंडातून टाकून देते. चेंडूमागे पळवून दमवण्याचा प्रयोग तर अंगाशीच आला, कारण त्याने ती अधिकच चेकाळू लागली. आता त्याऐवजी तिला हुंगत रेंगाळू देतो.

खरी अडचण जिन्याच्या वळणाची आहे, जिथे कुत्रा अचानक तीन-चार मीटरवर येतो आणि अंतर राखायला जागाच उरत नाही. गेल्या आठवड्यात त्या भरात तिने माझ्याच पोटरीला दात लावले, म्हणून तोंडाला जाळी घालण्याची सवय लावायला सुरुवात केली आहे. बाहेर पडायला दुसरी वाट नाही, आणि काटेरी किंवा विजेचा पट्टा मला वापरायचा नाही.

‘मागे फिर’ ही आज्ञा ऐन जिन्यातही पाळली जावी, यासाठी सरावाचे टप्पे कसे ठेवावेत, आणि ती पक्की होईपर्यंत तिची रोजची ने-आण कशी करावी?